खानेसुमारी आणि शिरगणती



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या गुरुजींपुढे चौथीच्या वर्गात मी बस्कर टाकून बसलो, त्याला आता सत्तर वर्षे होत आली. परंतु त्यांचा एक प्रश्न अद्याप माझ्या कानांतून गेलेला नाही. विद्यार्थ्याने उत्तर सांगितले म्हणजे ते बरोबर की चूक याचा निवाडा गुरुजी लगेच देत नसत, ते पाटीकडे न पाहता, शांतपणे, एवढेच विचारीत, "काय मोजलेस?" उत्तर चुकलेले असले तरी हा प्रश्न येई आणि बरोबर असले तरीही येई, त्यामुळे आपण नेमके कोणते काम केले याचा जबाब देण्याची तयारी ठेवूनच आम्ही हात वर करीत असू. आपले नाव कोणत्याही फलकावर लागू नये अशी त्यांची ताकीद होती, आणि आपण ती आजवर पाळून पत्रिकेवर केवळ 'गुरुजी' एवढाच उल्लेख करता, हे त्यांच्या स्वभावाला शोभणारेच आहे. आजचा विषय मी त्यांच्या त्या प्रश्नाखातर निवडला आहे. संख्येचे मूळ अवयव कसे मोजावेत, एवढाच तो विषय. शाळकरी वाटावा इतका लहान, पण त्याच्या उंबरठ्यावरून आत पाऊल टाकले की ज्याची खोली सहसा लागत नाही असा.

निमित्त घडले ते माझ्या नातीमुळे. अमेरिकेतील व्यवस्थापनशास्त्राच्या विद्यालयांत प्रवेश मिळविण्यासाठी जी परीक्षा १९५४ सालापासून घेतली जाते आणि जी आज 'जीमॅट' या नावाने आपल्याकडील पदवीधरांच्या चांगल्या परिचयाची आहे, तिच्या तयारीत ती होती. या परीक्षेच्या गणित विभागात ४५ मिनिटांत २१ प्रश्न सोडवावयाचे असतात, म्हणजे एका प्रश्नाच्या वाट्याला दोन मिनिटांहून थोडाच अधिक वेळ येतो, आणि गणकयंत्र जवळ ठेवण्याची मुभा नसते. अशा मुदतबंद कामात माणूस क्लृप्त्यांच्या मागे लागतो, हे स्वाभाविकच होय. तिनेही क्लृप्त्यांची एक वही भरून ठेवली होती. सरावाचा एक प्रश्न असा होता, की एक हजारापेक्षा लहान असलेल्या संख्येला जास्तीत जास्त किती मूळ अवयव असू शकतील, आणि त्यापुढे एक पुरवणी जोडलेली होती, की हे अवयव परस्परांहून भिन्न असलेच पाहिजेत असे नाही. तिने दोन, तीन, पाच, सात यांचा गुणाकार २१० केला, अकराने गुणताच तो २३१० होऊन हजाराबाहेर जातो हे पाहिले, आणि उत्तर चार लिहिले. उत्तरसूचीत नऊ होते. ती मला म्हणाली, "आजोबा, छापण्यात चूक झाली असेल का?" मी तिला गुरुजींचाच प्रश्न विचारला, "काय मोजलेस गं?" आणि त्या दिवशी संध्याकाळी आम्हां दोघांत जे बोलणे झाले, तेच थोड्या विस्ताराने आज आपल्यापुढे मांडावे असे माझ्या मनात आहे.

प्रथम मूळ संख्या म्हणजे काय ते पाहू. गुरुजी ही व्याख्या फळ्यावर लिहीत नसत. ते चिंचोक्यांची पिशवी आणीत. बारा चिंचोके देऊन ते म्हणत, यांच्या सारख्या रांगा लावा. कोणी तीन-तीनांच्या चार लावी, कोणी दोन-दोनांच्या सहा. मग एके दिवशी त्यांनी मला तेरा चिंचोके दिले. मी दोनांच्या रांगा लावल्या, एक उरला; तिनांच्या लावल्या, एक उरला; चारांच्या लावल्या, तरी एक उरलाच. घंटा होईपर्यंत खटपट करून मी त्यांच्याकडे गेलो आणि म्हणालो, "गुरुजी, होत नाही." त्यांनी विचारले, "काय मोजलेस?" मी म्हणालो, "दर वेळी एक उरतो, तो." त्यांनी माझ्याकडे क्षणभर निरखून पाहिले आणि ते म्हणाले, "तो एक विसरू नकोस." त्या वाक्याचा पुरता अर्थ मला पुष्कळ वर्षांनी लागला, तो मी व्याख्यानाच्या शेवटी निवेदन करीन.

तर ज्या संख्येची एका लांब ओळीवाचून दुसरी सारखी मांडणी होऊ शकत नाही ती मूळ संख्या, आणि जिची होते ती संयुक्त. एक ही संख्या या दोन्ही यादींत नाही, आणि हे पुष्कळ विद्यार्थ्यांना पंक्तिप्रपंचासारखे वाटते. त्याचे कारण मोजणीतच आहे: एकाने कितीही वेळा गुणले तरी संख्या जागची हालत नाही, म्हणून एकाला मूळ मानले, तर सहाचे अवयव दोन आहेत, की तीन, की तीनशे, याचा फैसला कधीच होणार नाही. ज्याला मोजले असता मोजणी संपतच नाही, त्याला मोजदादीतून वगळणे हाच न्याय.

आता मोजदाद. आपल्या भाषेत दप्तरी व्यवहारातून आलेले दोन शब्द आहेत, खानेसुमारी आणि शिरगणती. रूढ अर्थाने आपण दोन्ही शब्द जनगणनेसाठी सरसकट वापरतो, पण शब्दांच्या पोटात शिरले तर त्यांत भेद आहे: खाना म्हणजे घर, आणि खानेसुमारी म्हणजे घरांची मोजणी, शिरगणती म्हणजे डोक्यांची मोजणी. एखाद्या गावात तीन घरे आणि सहा माणसे असतील, तर खानेसुमारी तीन सांगेल आणि शिरगणती सहा सांगेल, आणि दोघीही आपापल्या परीने खऱ्या असतील. ३६० ही संख्या असेच एक गाव आहे. ती फोडली म्हणजे २ × २ × २ × ३ × ३ × ५ अशी होते. दोनाच्या घरात तीन माणसे, तिनाच्या घरात दोन, पाचाच्या घरात एक. भिन्न मूळ अवयव किती, असे विचारले तर तीन. मूळ अवयव एकूण किती, पुनरावृत्ती धरून, असे विचारले तर सहा.

याखेरीज तिसरीही एक मोजणी आहे. समजा, या गावातून काही माणसांचे शिष्टमंडळ पाठवावयाचे आहे, आणि एका घरातली माणसे एकमेकांसारखीच असल्यामुळे कोणत्या घरातून किती गेली एवढ्यालाच महत्त्व आहे. दोनाच्या घरातून कोणी नाही, एक, दोन किंवा तीन, असे चार पर्याय; तिनाच्या घरातून तीन पर्याय; पाचाच्या घरातून दोन; आणि चार, तीन, दोन यांचा गुणाकार चोवीस. ही चोवीस शिष्टमंडळे म्हणजेच ३६० चे चोवीस विभाजक. कोणीही गेले नाही ते शिष्टमंडळ म्हणजे १, आणि सगळे गाव उठून गेले ते ३६०. प्रत्येक घातांकात एक मिळवून गुणाकार करावा, हा नियम विद्यार्थी घोकून ठेवतात. पण तो 'एक' कोठून आला, तर ज्या घरातून कोणीच गेले नाही त्या घराचाही तो एक पर्यायच असतो म्हणून आला, एवढे एकदा समजले की नियम विसरला तरी पुन्हा उभा करता येतो.

नातीचा प्रश्न आता आपोआप सुटतो. हजाराच्या आत जास्तीत जास्त माणसे कोंबावयाची, तर सगळ्यांत लहान अवयवाचेच घर भरले पाहिजे. दोन नऊ वेळा घेऊन ५१२ होतात, दहाव्यांदा घेतले की १०२४. म्हणून शिरगणतीत ५१२ चा नंबर पहिला, आणि उत्तर नऊ. जास्तीत जास्त घरे हवी असतील, तर प्रत्येक घरात एकेकच माणूस ठेवून काटकसर केली पाहिजे. तेव्हा २१० ही चार घरांची सर्वांत लहान संख्या, आणि पाच घरे हजाराच्या आत मावतच नाहीत. जास्तीत जास्त विभाजक हवे असतील, तर मात्र ना ५१२ उपयोगी पडते ना २१०; तेथे २ × २ × २ × ३ × ५ × ७ म्हणजे ८४० ही संख्या बत्तीस विभाजकांसह सर्वांच्या पुढे जाते, कारण घरे आणि माणसे यांचा समतोल तिने साधलेला असतो. क्षेत्र एकच, पण मोजणी बदलताच अग्रमान बदलतो. माझ्या नातीचे गणित कोठेही चुकलेले नव्हते. तिने शिरगणतीच्या प्रश्नाला खानेसुमारीचे उत्तर दिले होते.

येथे आपल्याच महाराष्ट्रातील एका थोर गणितप्रेमी शिक्षकाचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. नाशिकजवळ देवळाली येथे आयुष्यभर शाळामास्तरकी करणारे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी ६१७४ ही संख्या जगाच्या नजरेस आणली. सगळे अंक सारखे नाहीत अशी कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करावी, आणि हेच पुनःपुन्हा करीत गेले की जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ वर येऊन थांबावे, हे तिचे वैशिष्ट्य. ही संख्या फोडली तर २ × ३ × ३ × ७ × ७ × ७ होते: घरे तीन, माणसे सहा, शिष्टमंडळे चोवीस. वर्तुळाचे अंश सांगणारी ३६० आणि कापरेकरांची ६१७४ यांचे बाह्यरूप किती भिन्न, पण गावाची रचना एकच, एका घरात तीन, एकात दोन, एकात एक. घरांची नावे सोडून केवळ रचना पाहण्याची ही दृष्टी हाती आली म्हणजे शेकडो प्रश्न मिळून वास्तविक एकच प्रश्न होतो.

परंतु या सर्व हिशेबाला आधार कशाचा? ३६० मी एका रीतीने फोडली आणि आपण दुसऱ्या रीतीने फोडली, तर दोघांच्या हाती तेच अवयव येतील, याची हमी काय? आपण ही गोष्ट इतकी गृहीत धरतो की तिला पुरावा लागतो हेही ध्यानात येत नाही. मूळ संख्या एखाद्या गुणाकाराला निःशेष भागत असेल तर त्यातील एखाद्या गुणकाला तिने भागलेच पाहिजे, हे युक्लिडने इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास आपल्या ग्रंथाच्या सातव्या खंडात सिद्ध केले; आपल्याकडे नारायण पंडितांनी १३५६ साली 'गणितकौमुदी'त विभाजक शोधण्याच्या रीतींसाठी 'भागादान' या नावाचे स्वतंत्र प्रकरण लिहिले; आणि प्रत्येक संख्येचे मूळ अवयवांत पृथक्करण एकाच प्रकारे होते, हा सिद्धान्त संपूर्ण व स्पष्ट शब्दांत सिद्धतेसह मांडण्याचे श्रेय १८०१ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, गाउसने मिळविले.

ही हमी काढून घेतली तर काय होईल, ते एका कल्पित राज्यात जाऊन पाहावे. त्या राज्यात चाराने भागल्यावर एक उरतो अशाच संख्यांना प्रवेश आहे, असे समजा: १, ५, ९, १३, १७, २१ आणि पुढे. तेथे तीन नाहीत, सात नाहीत; म्हणून तेथील नागरिकांच्या दृष्टीने नऊ फुटत नाही, एकवीस फुटत नाही, एकोणपन्नासही फुटत नाही; या सर्व तेथील मूळ संख्याच. आता ४४१ घ्या. एक कारकून लिहील, २१ × २१, घर एक. दुसरा लिहील, ९ × ४९, घरे दोन. आणि दोघांचीही नोंद तेथील कायद्याप्रमाणे बिनचूक. त्या राज्यात खानेसुमारी करताच येणार नाही. ही केवळ कल्पनेची क्रीडा नव्हे: १८४७ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे गणितज्ञ लामे यांनी फर्माच्या शेवटच्या प्रमेयाची जी सिद्धता मांडली, ती अशाच एका विस्तारित संख्याराज्यात पृथक्करण एकच असते असे गृहीत धरल्यामुळे कोसळली, आणि तेथे तसे नसते हे कुमर यांनी तत्पूर्वीच दाखवून ठेवले होते. ज्या जमिनीवर आपण निर्धास्त उभे राहून मोजतो, ती जमीन भक्कम आहे हे कोणीतरी खणून पाहिलेले असते. परीक्षार्थ्याला ते ठाऊक असावे, असे मला मनापासून वाटते.

आता परीक्षेतील काही नमुने पाहू. पहिला असा: एका पूर्णांकाच्या वर्गाला ३६० ने निःशेष भाग जातो, तर त्या पूर्णांकाला खात्रीने भागणारी सर्वांत मोठी संख्या कोणती? वर्ग करणे म्हणजे प्रत्येक घरातली माणसे दुप्पट करणे. म्हणून वर्गाच्या गावी प्रत्येक घरात माणसे समसंख्यच असतात. ३६० ला दोनाच्या घरात तीन हवीत, तर वर्गात निदान चार असलीच पाहिजेत. तिनाची दोन हवीत, ती दोनच पुरे. पाचाचे एक हवे, तर तेथे दोन. त्यांची निम्मी त्या पूर्णांकात: दोन वेळा दोन, एकदा तीन, एकदा पाच, उत्तर साठ. एक अक्षर बीजगणित लागले नाही.

दुसरा: १ पासून ६० पर्यंतच्या सर्व संख्यांचा गुणाकार केला तर त्याच्या शेवटी शून्ये किती येतील? प्रत्येक शून्यासाठी एक दोन आणि एक पाच लागतो, आणि दोन विपुल असल्यामुळे पाच मोजले की काम होते. येथे घाईचा विद्यार्थी साठला पाचाने भागून बारा लिहितो. पण त्याने पाचाच्या पटी मोजल्या, पाच मोजले नाहीत. पंचवीस आणि पन्नास यांच्या घरी पाच दोन-दोन आहेत. म्हणून बारा आणि दोन मिळून चौदा. पुन्हा तेच: पट हे घर झाले, आणि विचारलेली होती डोकी.

तिसरा नमुना सावधगिरीचा. दोनाचा दहावा घात आणि दोनाचा सातवा घात यांची बेरीज केली तर मूळ अवयव किती? दहा आणि सात सतरा, असे उत्तर देणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत. गुणाकारात गावे शेजारी वसतात आणि डोक्यांची बेरीज होते; बेरजेत मात्र दोन्ही गावे मोडून तिसरेच गाव उभे राहते आणि जुन्या दप्तराचा उपयोग उरत नाही. म्हणून आधी सामाईक काढावे: दोनाचा सातवा घात बाहेर घेतला की कंसात आठ आणि एक, म्हणजे नऊ, डोकी सात आणि दोन मिळून नऊ, आणि घरे दोनच. शिवाय गुणाकारातसुद्धा घरांची बेरीज करताना सावध असावे. १२ आणि १८ या दोन्ही गावांत दोन-दोन घरे, पण त्यांच्या गुणाकारात, २१६ मध्ये, घरे चार नव्हेत, दोनच, कारण घरे सामाईक आहेत.

मूळ अवयवांचा हा विचार केवळ परीक्षेपुरता आहे, असे मात्र समजू नये. माझ्या लहानपणी रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पै, म्हणजे रुपयाच्या १९२ पै होत्या; १९२ म्हणजे सहा वेळा दोन आणि एकदा तीन, आणि विभाजक चौदा. तिघा भावांत रुपया वाटावयाचा तर प्रत्येकी पाच आणे चार पै येऊन हिशेब चोख मिटे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली. शंभर म्हणजे दोन वेळा दोन आणि दोन वेळा पाच, विभाजक नऊ, आणि तिनाचे घरच नाही. तिघांनी तेहतीस-तेहतीस घेतल्यावर एक नवा पैसा शिल्लक. दशमान पद्धतीचे लाभ मोठे आहेत आणि मी तिचा पुरस्कर्ताच आहे. पण त्या बदलात आपण एक मूळ अवयव गमावला, ही नोंद ताळेबंदात असावी.

आता थोडे दूर पाहू. कोणतीही एक संख्या सहज उचलली, तर तिला मूळ अवयव किती असावेत? १९१७ साली हार्डी आणि रामानुजन यांनी याचे उत्तर दिले: संख्येचा नैसर्गिक लघुगणक घ्यावा, त्याचा पुन्हा लघुगणक घ्यावा, आणि बहुतेक सर्व संख्यांच्या बाबतीत अवयवांची संख्या त्याच्या आसपास असते. हे माप किती मंद गतीने वाढते पाहा: एक कोटीच्या आसपास ते तिनापेक्षाही किंचित कमी, आणि एकावर ऐंशी शून्ये दिली तरी पाचाहून थोडेसेच जास्त. अधिक आश्चर्य हे, की खानेसुमारी करा वा शिरगणती, नियम तोच लागू पडतो. दोन्ही मोजण्यांतला फरक सरासरीने एकाहूनही कमी असतो. हार्डी म्हणत, की भाड्याच्या गाड्यांचे आणि रेल्वेच्या डब्यांचे क्रमांक फोडून पाहण्याची सवय ठेवणाऱ्याला याचा प्रत्यय येईल. लहान-लहान अवयवांनी गच्च भरलेल्या संख्या फार विरळा. ज्या १७२९ क्रमांकाच्या गाडीतून ते आजारी रामानुजनना भेटावयास गेले, ती संख्यासुद्धा ७ × १३ × १९ एवढीच, तीन घरांत तीन माणसे. आपल्या समोरची सने पाहा: २०२५ मध्ये चार तीन आणि दोन पाच, डोकी सहा, २०२६ म्हणजे २ × १०१३, आणि २०२७ तर स्वतःच मूळ.

यातून परीक्षेविषयी एक महत्त्वाची गोष्ट उघड होते. ३६०, ७२, ८४०, साठाचा क्रमगुणाकार, अशा ज्या संख्या परीक्षक निवडतो, त्या संख्यासृष्टीच्या सामान्य प्रजाजन नव्हेत. ती विरळा कुळे आहेत. सामान्य संख्येत घरे आणि डोकी जवळजवळ सारखीच निघतात. परीक्षक मुद्दाम तीच संख्या घेतो जीत ती सारखी नसतात. म्हणजे प्रश्न भागाकाराचा नसतो, विवेकाचा असतो. दोन गोष्टी एकमेकींसारख्या दिसत असताना त्यांतील भेद तुम्हांला दिसतो की नाही, हे तो पाहत असतो. आणि योग पाहा: १९३९ साली प्रिन्स्टन येथे मार्क काट्स या विषयावर बोलत होते, श्रोत्यांत पॉल एर्डोश होते, आणि अवयवांची संख्या त्या हार्डी-रामानुजन मापाच्या दोहों बाजूंना, माणसांच्या उंचीप्रमाणे, घंटेच्या आकाराच्या वक्ररेषेत पसरते, ही काट्स यांची अटकळ एर्डोश यांनी व्याख्यान संपता संपता सिद्धतेस नेली, १९४० मध्ये दोघांच्या नावे ती प्रसिद्ध झाली. त्या व्याख्यानानंतर आठ वर्षांनी, १९४७ साली, त्याच प्रिन्स्टनमध्ये 'एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस' ही परीक्षासंस्था स्थापन झाली, आणि जीमॅट परीक्षा प्रारंभी तिनेच चालविली. मूळ अवयव मोजावयाचे, हे काम त्या एका गावात ज्ञानाच्या कळसावरही चालले होते आणि पायथ्याशीही.

येथे उपस्थित असलेल्या शिक्षकबंधुभगिनींना माझी एक विनंती आहे. मराठीत 'अवयव' हा शब्द आपण मूळ अवयवांसाठीही वापरतो आणि विभाजकांसाठीही. त्यामुळे '३६० चे अवयव किती?' या प्रश्नाला तीन, सहा आणि चोवीस ही तिन्ही उत्तरे प्रामाणिकपणे देता येतात, आणि त्यांपैकी दोहोंना आपण शून्य गुण देतो. प्रश्न काढताना 'भिन्न मूळ अवयव', 'पुनरावृत्ती धरून मूळ अवयव' आणि 'विभाजक' असे तीन शब्दप्रयोग कटाक्षाने वेगळे ठेवावेत. आणि शिकविताना पेन्सिल उचलण्यापूर्वी घरे, डोकी की शिष्टमंडळे, हे मुलाला स्वतःच्या तोंडाने सांगू द्यावे. त्यात जी दहा सेकंदे जातात, ती पुढे मिनिटांनी परत मिळतात. आणि न मिळाली, तरी बुद्धीला लागलेली ही शिस्त मिळालेली असते.

शेवटी, वचन दिल्याप्रमाणे, तो उरलेला चिंचोका. माझ्या नातीच्या वहीत याच जातीचा एक प्रश्न होता: २ पासून ६० पर्यंतच्या सर्व सम संख्यांचा गुणाकार करून त्यात एक मिळविला, तर येणाऱ्या संख्येचा सर्वांत लहान मूळ अवयव कोणत्या मर्यादेपलीकडे असेल? तिने तो गुणाकार करण्याचा नाद सोडून दिला, हे तिचे शहाणपण. या तीस सम संख्यांतून एकेक दोन बाहेर काढला, की मागे १ ते ३० यांचा गुणाकार राहतो. म्हणून तीसच्या आतील प्रत्येक मूळ संख्येचे घर त्या गुणाकारात आहेच. मग त्यात एक मिळविल्यावर दोनाने भागा, तिनाने भागा, एकोणतिसाने भागा, दर वेळी एक उरणारच. तेव्हा त्या संख्येचा लहानात लहान मूळ अवयवसुद्धा २९ च्या पलीकडचा, म्हणजे निदान ३१. ती लिहिता लिहिता थांबली आणि म्हणाली, "आजोबा, मग मूळ संख्या कधी संपणारच नाहीत, कुठवरही घ्या, सगळ्यांना गुणून एक मिळवला की नवी निघेल." युक्लिडच्या नवव्या खंडातील विसावे प्रमेय ते हेच, दोन हजार तीनशे वर्षांपूर्वीचे, आणि त्या घटकेला माझ्या ओसरीवर पुन्हा नव्याने निघालेले.

मी उठून चिंचोके आणले. बारा मोजून तिच्यापुढे ठेवले. दोनांच्या, तिनांच्या, चारांच्या रांगा तिने लावल्या, आणि मग मी तेरावा ठेवला. तिने रांगा पुन्हा लावल्या आणि माझ्याकडे पाहिले. मी काहीच विचारले नाही. तीच म्हणाली, "तो एक मोजला, आजोबा."